पंचमीच्या सकाळचा मेसेज

दिव्याजवळ सरक बाई, चष्मा लाव आणि घाई न करता वाच. तुझं नेहमीचंच — वर्ष वर्ष तोंड दाखवायचं नाही, आणि आलीस की अर्धा चहा टाकून एसटीला पळायचं. म्हणून लिहूनच काढतेय. हे मी कुणालाच, तुझ्यासारख्या लहानपणच्या मैत्रिणीलाही, सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडते, तेव्हासुद्धा हे सोडून बाकीचंच बोलते.

माझी सून स्वाती. पोरगा फौजेत, घरात आम्ही दोघीच. लग्न झालं तेव्हा तिचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सकाळच्या गाडीनं सांगलीला जायची, परत आली की हळदीच्या रानात माझ्या बरोबरीनं वाकायची. कपाळाला कधी आठी नाही. पदवी घ्यायला काळा झगा घालून उभी राहिली, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं, "ती बघा, ती आमची!"

आणि मीच — थांब, सांगते.

तिला पुढं एम.एस्सी. करायचं होतं, पुण्याला. तिचं सिम बंद पडायच्या बेतात होतं, म्हणून अर्जावर माझा नंबर घातला. नागपंचमीला माहेरी शिराळ्याला निघाली, तेव्हा म्हणाली, "आई, मेसेज इंग्रजीत येईल. तुम्ही नुसतं आला म्हणून माझ्या बाबांच्या फोनवर कळवा."

पंचमीच्या सकाळी आला. जागा मिळाली आहे, उद्या पाचपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

चौथी शिकलेल्या बाईला हे कसं कळलं, म्हणशील? अगं, मला इंग्रजी वाचता येत होतं. खताच्या पोत्यांवरून, गोळ्यांच्या पाकिटांवरून, पोराच्या जुन्या पुस्तकांतून — एकटीच शिकले होते. लोक हसतील म्हणून कुणाला कळू दिलं नव्हतं.

मेसेज तीनदा वाचला. फोन डाळीच्या डब्यामागं ठेवला आणि दिंडांची कणीक मळायला बसले.

ती तिसऱ्या दिवशी आली. फोन बघितला आणि तो मेसेज माझ्यापुढं धरला. मी म्हणाले, "मला गं काय कळतंय त्यातलं? जाहिरात वाटली." आणि ती — स्वतःचं रडणं गिळून मलाच समजावत राहिली. "असू द्या आई, तुमची काय चूक?"

एवढ्यावर संपलं असतं तरी — पण नाही. ते वर्ष तिनं शिकवण्या घेत, पुन्हा प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत काढलं. आणि रोज दुपारी मला पाटी घेऊन बसवायची. पुन्हा असं व्हायला नको म्हणून मला ए-बी-सी-डी शिकवायची! मला सगळं येत होतं गं. मी मुद्दाम चुकायचे, बी उलटा काढायचे. ती हसून माझा हात धरायची, "आवं आई, पोट हिकडं!" सहा महिने. त्यात एकदा तरी सांगता आलं नसतं? आलं असतं. रोज दुपारी आलं असतं.

का केलं? एकटी पडेन ही भीती होती, पण तेवढंच सांगितलं तर आणखी एक खोटं होईल. मला हेवा वाटला. माझ्याच सुनेचा.

पुढल्या वर्षी ती पुण्याला गेली. पहिल्यापेक्षा जास्त मार्कांनी गेली! एम.एस्सी. झाली, आता हळदीच्या पानांवरच्या करपा रोगावर पीएच.डी. करणार आहे. बांधावर उभी राहून पान उलटंसुलटं करून बोलायला लागली, की भलेभले बागायतदार गप ऐकतात. आणि त्यांना सांगते काय, तर "सासूबाईंनी शिकवलं मला." मी पदर सावरत तिथनं निघून जाते.

रविवारी ती येतेय. सांगणार आहे तिला. माफी मात्र मागणार नाही. मागितली की लगेच देऊन मोकळी होईल, ओळखून आहे मी तिला. वर्ष तिचं गेलं, आणि सुटका माझी व्हायची?

तू आता लवकर ये. पण रविवार जाऊ दे. तिच्याशी बोलून झाल्यावर ये.