बाबीच्या ट्रकातली खरखर

माणसाने आपल्या हुशारीबद्दल चारचौघांत बोलू नये हो. मी बोललो, आणि आता फोंडाघाटच्या बाजारात नुसता चहाला थांबलो तरी कुणीतरी तोंड फिरवून हसतं. विचारताय म्हणून सांगतो, पण पुढे नेऊ नका. अर्थात पुढे न्यायचं शिल्लक आहे काय म्हणा.

कणकवलीला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. फोंडाघाटच्या एका शेठचे आठ ट्रक जांभ्या दगडाचे चिरे घेऊन कोल्हापूरला जातात. घाटात मोबाईलला रेंज नाही, म्हणून ड्रायव्हर रेडिओवर एकमेकांना सांगतात, "मी वळणार आसंय, तू थांब." आठही रेडिओ मीच बसवलेले, शेठच्या ऑफिसातला सेटही. त्यातला बाबी ड्रायव्हरचा रेडिओ शिट्ट्या मारायला लागला. समोरून कोण येतंय ते ऐकूच येईना. अशी गाडी घाटात घालायची कशी?

शेठनी बोलावून सांगितलं, "चार वाजता गाडयो सुटतल्यो. तोपर्यंत आवाज गेलो नाय, तर तुजे सगळे रेडिओ काढून घेवन जा. कोल्हापूरचो माणूस बसयतलो."

मी म्हटलं, "शेठ, अर्ध्या तासाचं काम." हे बोललो आणि फसलो.

तसं पाहिलं तर दुखणं सोपं होतं. ॲक्सिलेटर दाबला की शिट्टी चढायची, म्हणजे डायनामोचा आवाज. रेडिओची अर्थिंगची वायर गंजून खाक झाली होती. घासली, आवळली, पंधरा मिनिटांत मोकळा. मोबाईल चार्जिंगला लावला आणि ऐटीत रेडिओ चालू केला.

खर्रर्रर्र!

इंजिन बंद केलं. तरी खर्रर्रर्र. वायपरची वायर काढली, पंखा काढला, हॉर्न काढला. मग डॅशबोर्ड खोलला. एक वायर सीटखालून जाते, म्हणून सीटही उपसली. दुपारी दोन वाजता अर्धा ट्रक खाली ताडपत्रीवर आणि माझा घाम टाचेपर्यंत. डोकं असं फिरलं होतं की पान्ह्यालाही शिव्या देत होतो.

बाबी बाजूला उभा राहून शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "माका ठावक आसा काय झाला ता. राखणदाराचो नारळ देवचो रवलो."

"मेल्या, हे विजेचं काम आहे. यात घाटाचा राखणदार देव काय करणार?"

"मगे तू काय केलंस सकाळपासून?"

साडेतीन वाजले तेव्हा मीच म्हटलं, "आण तुझा नारळ."

बाबी ट्रकच्या तोंडासमोर उभा राहिला, डोक्यावर रुमाल, हातात नारळ. "बा देवा म्हाराजा, ही जी काय खरखर लागली हा..." तेवढ्यात केबिनमध्ये माझा फोन वाजला. बायको, दुसरं कोण. बाबी भडकला, "तो फोन आधी काढ थंयसून. गाराणा चल्ला हा!"

मी चार्जरसकट फोन उपटून खिशात घातला आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे निमूट "व्हय म्हाराजा" म्हणत राहिलो. नारळ फुटला. केबिनमध्ये चढून रेडिओ लावला. आवाज गायब! कोल्हापूरकडून निघालेला ड्रायव्हर सुद्धा स्वच्छ ऐकू आला. बाबी खोबऱ्याचे तुकडे घेऊन प्रसाद वाटायला पळाला, आणि मी, आयटीआय पास माणूस, हात जोडून बसलो.

मग बायकोला फोन करावा म्हणून मोबाईल परत चार्जिंगला लावला. खर्रर्रर्र. काढला, बंद. लावला, खर्रर्रर्र.

आलं ना लक्षात? शिट्टी सकाळीच गेली होती. दिवसभर मी शोधत होतो तो माझ्याच, रस्त्यावर घेतलेल्या स्वस्त चार्जरचा आवाज. त्यापायी शेठचा चांगला चालता ट्रक सोलून ठेवला होता.

सीट नव्हतीच, मी केबिनच्या पत्र्यावरच बसकण मारली. बाबीचंच गाऱ्हाणं तोंडात आलं, डोळे मिटून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, खरखर माझ्याच चार्जरची होती, चुकलं-माकलं पोटात घे. पण शेठला कळू देऊ नको म्हाराजा, आठ गाड्यांचं काम जाईल."

आणि उठलो. मांडीखालून रेडिओचा माईक निसटला. बोलायचं बटण इतका वेळ दाबलेलं होतं.

"व्हय म्हाराजा," पहिल्या ट्रकातून आवाज आला. मग दुसऱ्यातून. मग घाटातून. बाकीच्या सातही गाड्या झाल्या. शेवटी ऑफिसातला सेट बोलला, सावकाश, शेठच्या आवाजात.

"व्हय म्हाराजा. काम तुज्याकडेच रवांदे. पण पुढल्या टायमाक नारळ तू धर, वायरी बाबी बघतलो."