हिरड्याच्या शाईची चिठ्ठी

कुरखेड्याजवळच्या जनाबाईंच्या वावरातली वरची वीतभर माती गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, ठेकेदारानं टिप्परमध्ये भरून रस्त्याच्या भरावासाठी नेली. त्यांना कोणी विचारलं नाही. नंतर दुसरा अन्याय झाला, तो मी केला. हे मला तोंडावर सांगणारे रशीदभाऊ पाच आठवड्यांपूर्वी गेले. फोन जनाबाईंचाच आला. "भाऊ गेले वं," एवढंच म्हणाल्या.

रशीदभाऊ माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले निवृत्त मदतनीस. जनाबाईंची पेरलेली तूर पिवळी पडून खुरटली, तेव्हा मी पत्रक काढलं : ठेकेदारानं शेतात विष कालवलं. ठळक अक्षरांत. तहसीलचे साहेब आले, तपासायला माती नेली, बाहेरचं विष सापडलं नाही. फाईल बंद. मी चौकात भाषण ठोकत असताना रशीदभाऊंनी हाताला धरून घरी नेलं.

"पत्रक तुह्यं गलत आहे पोरी. जहर बाहेरून आलंच नाई. ते या लाल मातीत पहिलेपासून आहे."

त्यांनी बशीत हिरड्याचं पाणी ओतलं आणि त्यात गंजलेल्या खिळ्याचं पाणी सोडलं. पिवळं पाणी बघता बघता काळंभोर झालं.

"लोखंड कुठी गेलं?"

"विरघळलं?"

"हिरड्यानं धरून ठेवलं. सडलेला पाला मातीत हेच करते. आपली माती आंबट. आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम सुटते अन् मुळं जाळते. पाल्याचा रस त्याले पकडून बसते."

"अ‍ॅल्युमिनियम? पातेल्याचं?"

"तेच. तू जहर शोधत होती, पातेलं नाई, म्हणून समजलं नाई तुले."

जनाबाईंनी वीस वर्षं जंगलातला पाला डोक्यावर आणून, त्या वावरात कुजवून वरची माती काळी केली होती. टिप्परनं तीच नेली. खाली उरली नुसती आंबट लाल माती, धरणारं कोणी नसलेली. चोरी एवढी साधी होती, आणि मी विषाच्या मागे धावले.

रशीदभाऊंना प्रयोगशाळेत आलेल्या जुन्या नमुन्यांतली उरलेली माती फेकवत नसे. टिप्पर येण्याआधीची जनाबाईंची माती त्यांच्या खिडकीत बरणीत होती. त्यांनी दोन कपांत तूर लावली, एकात ती, एकात आताची. पंधरा दिवसांनी रोपं उपटून माझ्या तळहातावर ठेवली. एकाची मुळं केसासारखी लांब. दुसऱ्याची आखूड, जाड, टोकाशी तपकिरी. "हे घेऊन तहसीलमध्ये मी येतो," म्हणाले. "तू बोलू नको फक्त." पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं होतं...

बरणी आता माझ्या टेबलावर आहे. बशीतल्या उरलेल्या काळ्या शाईनं त्यांनी चिठ्ठी लिहून चिकटवलीय : "जनाबाई. वरची माती." अक्षर अजून काळंच आहे. मी रोज झाकण उघडते. पावसाळी जंगलात येतो तो वास येतो.

माझं जुनं पत्रक घरात असेल तर फाडा, हे नवं ठेवा. फाईल पुन्हा उघडायचा अर्ज मी दिलाय. तिथं विचारतात, माती काळी होती हे पाहिलं कोणी? तुमच्यातले काही जण त्या सकाळी जनाबाईंच्या वावरासमोरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. टिप्परमध्ये काय भरलं जातंय ते तुम्ही पाहिलंत. येत्या सोमवारी तहसीलमध्ये या, आणि तेवढंच सांगा.