ईडलिंबाचा ठिपका

तळेगावच्या एका अर्काच्या कारखान्यात मी काचेची भांडी धुवायचो. शिक्षण चौथी, तेही अर्धं. तिथले साहेब पांढरा लेप दिलेल्या काचपट्टीवर लिंबाच्या तेलाचा थेंब ठेवून पट्टी औषधात उभी करायचे. औषध वर चढलं की तेलातल्या चिजा सुट्या व्हायच्या, निळ्या दिव्याखाली त्यांचे ठिपके चमकायचे. त्यावरून तेल कुठल्या लिंबाचं, कुठल्या भागातलं, ते साहेब सांगायचे. मला तो भगताचा कौलच वाटायचा.

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, कामशेतजवळच्या घरी चार बायका घेऊन कागदी लिंबाच्या साली दाबायची. ते तेल कारखाना घ्यायचा. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. तिच्या बाटलीत एक ठिपका जास्त निघाला.

"हे निव्वळ कागदी लिंबू नाही. काहीतरी मिसळलंय," साहेब म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

घरी जाऊन भांडलोच. "काय घातलंस त्यात?"

"काय बी न्हाई."

"काच खोटं बोलत न्हाई."

"मंग काचंसंगं नांदा."

दोन दिवस भाकरी मिळाली, शब्द मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी मीच सालींच्या पाटीत हात घातला. कागदीच्या पातळ सालींत काही जाड, खडबडीत. ईडलिंबाच्या.

"ह्या कुटल्या?"

"वरच्या वाडीतल्या मावशीच्या. तिच्या झाडाचा पैला बहार. दारात आलेलं पैलं फळ माघारी धाडत्यात व्हय?"

"मंग परवा का न्हाई बोललीस?"

"लिंबात लिंबू घातलं. त्यात सांगायचं काय?"

त्या साली फडक्यात बांधून कारखान्यात नेल्या. साहेबांनी नुसत्या त्यांचंच तेल पट्टीवर ठेवलं. तोच ठिपका, त्याच उंचीला.

साहेब हसले. "बाहेरचं काही नाही हो, शेजारचंच झाड आहे. ईडलिंबाचं तेल वेगळ्या बाटलीत द्यायला सांगा त्यांना."

संध्याकाळी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काचंनं सांगितल्यावर पटलं. मी सांगितलं तवा न्हाई पटलं."

चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ताठा आडवा आला. पुढं कितीतरी वर्षं तिनं दोन बाटल्या भरून दिल्या, मी त्या पोचवल्या, पण तो शब्द काही निघाला नाही.

गेल्या साली ती गेली. दहाव्याला कावळा शिवेना. पोरांनी हात जोडून काय काय कबूल केलं. मग मी पुढं झालो आणि म्हणालो, चुकलो.

कावळा आला, पण लय उशिरानं.