लाल पट्ट्यांची माशी

मुलांनो, आजी म्युझियममध्ये नक्की काय करते, असं तुम्ही मागे फोनवर विचारलंत. तेव्हा मी "माश्या बघते" एवढंच म्हणाले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती. आता क्रमाने सांगते. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

दर मंगळवारी मी आर्नहेमच्या घरून ट्रेनने म्युझियमच्या मागच्या इमारतीत जाते. तिथे बोलिव्हियातून पेट्या येतात आणि त्यांत टाचणीला टोचलेल्या रानमाश्या असतात. या मधमाश्यांच्याच जातभाई, पण पोळं बांधत नाहीत. एकेकटी मादी जमिनीत बीळ करून राहते. त्यांतली कुठली माशी नाव मिळालेल्या जातीची आणि कुठली अजून कोणी वर्णनच न केलेली, हे ठरवण्यात मी मदत करते. मी प्राणिशास्त्र शिकवत होते, ते सोडून इथे आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही लोकर विणत बसेल. मला विणता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका पेटीत मला एक मादी दिसली. पोटावर विटकरी लाल पट्टे. तिच्यासारख्या माहीत असलेल्या जातीत ते पिवळे असतात. मी विभागप्रमुखाला बोलावलं. तो तुमच्या बाबाच्या वयाचा आहे. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून आमचं बोलणं अरे-तुरेत लिहिते.

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो हसला. "सायनाइड. माश्या मारायच्या बरणीत जास्त वेळ राहिली की पिवळ्याचं लाल होतं. नवशिके दरवर्षी अशी एक नवी जात शोधून काढतात."

"मी नवशिकी दिसते?"

"नाही ना. म्हणूनच नवल वाटलं."

"पट्टे सोड," मी म्हटलं. "पाठ बघ. खळगे विरळ आहेत आणि मधली जागा काचेसारखी चकचकीत. तुझ्या पिवळीची पाठ दाट खळग्यांची, मळकट."

त्याने पुन्हा पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. "एकच माशी आहे. नर सापडेपर्यंत थांबू."

"कधी सापडेल?"

"पुढच्या कोणत्या तरी मोहिमेत."

"माझं वय बघून बोल."

"वय हा शास्त्रीय मुद्दा नाही."

"नाही. वेळापत्रकाचा आहे."

वसंतात त्याचा या माश्यांवरचा लेख छापायला जाणार होता. त्यात ही नसती, तर ती 'इतर' लिहिलेल्या खणात गेली असती. त्या खणातली माशी पुन्हा बाहेर काढायला कोणाला फुरसत नसते. मी जिवंत असेपर्यंत तर नाहीच. हे मला मान्य नव्हतं.

म्हणून मी त्याच डोंगरउतारावरच्या, कोणी न निवडलेल्या पेट्या उघडल्या. मंगळवारांवर मंगळवार गेले. शेवटी पाठ तशीच चकचकीत असलेला एक नर हाती लागला, पण वाळून लाकूड झालेला, पोट आत वळलेलं. नराची ओळख पोटाखालच्या एका लपलेल्या पट्टीवरून पटते. ती काढायची तर आधी त्याला ओलाव्यात ठेवून मऊ करायला हवं. ओलाव्यात बुरशी धरू नये म्हणून लागणारी पूड म्युझियममध्ये संपली होती आणि नवी कधी येईल, ते कोणालाच सांगता येईना.

त्या पुडीचं 'थायमॉल' हे नाव ऐकून मला हसू आलं. ते आपलं ओव्याचं फूल! सर्दीसाठी माझ्या घरात ते नेहमी असतं. पुढच्या मंगळवारी मी ते आणि स्टीलचा डबा घेऊन गेले. तळाशी ओलं फडकं, कडेला ओव्याच्या फुलाचे खडे, मधे थर्माकोलच्या तुकड्यावर नर. झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशीही गेले. विभागप्रमुख डब्याचा वास घेऊन म्हणाला, "हे जेवण आहे का?"

"तुझ्यासाठी नाही."

नर मऊ झाला होता. वाकड्या सुईने मी पट्टी बाहेर ओढली. पिवळीच्या नरात तिचं टोक गोल असतं. इथे ते बेचक्यासारखं दुभंगलेलं होतं. त्या नराचे पट्टे मात्र पिवळे होते.

"बघ! लाल रंग सायनाइडचाच होता," विभागप्रमुख म्हणाला.

"हो. वर्णनातून रंग काढते. बाकी सगळं राहील."

"हा तिचाच नर, कशावरून?"

"दोघांच्या चिठ्ठ्यांवर तोच उतार, पकडलं तेच फूल. आणि तशीच पाठ."

"अंदाज आहे. चुकलीस तर ती चूक तुझ्या नावासह कायमची छापलेली राहील."

हे खरं आहे. आमच्या कामात जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव लागतं आणि चुकलेलं नाव पुसलं जात नाही. नंतरचा प्रत्येक जण ते लिहून पुढे 'चूक' म्हणतो. मी त्याच्या लेखासाठी वर्णन लिहिलं, मोजमापं दिली, शंका कुठे आहे तेही लिहिलं. लेख जाण्याच्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. पट्टीचं चित्र त्याने बराच वेळ पाहिलं.

"या जातीपुरतं माझंही नाव घालायला हरकत नाही," तो म्हणाला.

"मला आहे," मी म्हटलं. "तू पुढच्या मोहिमेची वाट बघ."

तो मोठ्याने हसला आणि कॉफी आणायला गेला. जातीच्या मूळ नमुन्याला लाल चिठ्ठी लावायची रीत आहे. मी चिठ्ठी कापली, तिच्यावर माझं एकटीचं नाव लिहिलं आणि मादीच्या टाचणीत खाली सरकवली.