चुकांची वही

नवऱ्याचे आठवड्याचे सहा शर्ट रविवारी दुपारी एका दमात इस्त्री करून टाकायचे, हा गणितबाईंचा नेम. त्या रविवारी तीन झाले होते, चौथ्याची डावी बाही झाली होती, तेवढ्यात खिडकीतला फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला. शिक्षक आणि पालक यांचा मिळून शाळेचा एक गट होता. त्यावर मुख्याध्यापकांनी एका छापील यादीचा फोटो टाकला होता. बाईंनी इस्त्री उभी केली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागल्या.

सहावीच्या वर्गात मुलं मावत नव्हती, दोन तुकड्या होणार हे महिनाभर चाललंच होतं. बाईंना वाटलं होतं, हजेरीपटाची निम्मी नावं इकडे, निम्मी तिकडे. पण यादीत 'पुढची तुकडी' आणि 'मागची तुकडी' असे दोन मथळे होते. मागच्या तुकडीत सतरा मुलं. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा, आणि त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: विद्यार्थ्याने स्वतः नोंदवलेल्या चुका.

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"का गं, वीज गेली?" सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

"नाही."

"मग थांबलीस का? उद्या काय तो बनियनवर जाणार आहे?"

बाई सतरा आकडे पुन्हा एकदा खाली बोट फिरवत वाचत होत्या. चौदा, बावीस, एकोणीस. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात शेवटी होता. एकसष्ट.

हे आकडे जगात फक्त एका ठिकाणी होते, आणि ते ठिकाण बाईंनीच बांधलं होतं.

तीन वर्षांपूर्वी शाळेत दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. इंटरनेटवर शिक्षकांसाठी काय काय फुकट मिळतं, हे सांगायला एक चुणचुणीत मुलगी आली होती. दुपारच्या जेवणानंतर निम्मा स्टाफ डुलक्या काढत होता. गणितबाई तेवढ्या शाळकरी मुलीसारख्या वहीत उतरवून घेत होत्या: चित्रं, तयार पाठ, प्रश्नमंजुषा, आणि कुणीही घ्यावेत, बदलावेत, पुढे द्यावेत असे खुले धडे. त्यांनी स्वतःचा अपूर्णांकांचा एक पाठ भीत भीत तिथे ठेवला. केकचे आठ तुकडे, त्यातले तीन खाल्ले, असा काहीतरी. दोन महिन्यांनी कुठल्याशा अनोळखी शिक्षकाने तो घेतला, केकच्या जागी कलिंगड टाकलं आणि खाली लिहिलं, "आमच्या मुलांनी केक कमी पाहिलाय, कलिंगड रोज बघतात. आभारी आहे, ताई." तो निरोप बाईंनी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाईंना दोनदा.

"कोण कुठला माणूस, आणि न विचारता तुझं घेतलं?" सासूबाई म्हणाल्या होत्या.

"विचारायचं नसतंच आई. म्हणून तर ठेवलंय. पण त्याने सांगितलं ना."

"फुकट घेऊन वर सांगणारा म्हणजे चांगल्या घरचा असणार."

त्याच फुकट साधनांतून बाईंनी चुकांची वही काढली. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत आठवड्यातून तीनदा प्रत्येक मुलाने आपलं पान उघडायचं आणि आज कुठे अडलं, कुठे चुकलं, ते एका ओळीत लिहायचं. खऱ्या नावाने लिहायला मुलं लाजतात, म्हणून प्रत्येकाने एकेका पक्ष्याचं नाव घेतलं. गरुडावरून दोघांची मारामारी झाली. जो हरला तो रुसून शहामृग झाला. सदा कुणाच्या तरी मागे लपणारा एक जण पेंग्विन झाला. आणि एक काटकुळी मुलगी, जी एकच प्रश्न उत्तर मिळेपर्यंत ठोकत राहायची, ती सुतारपक्षी झाली.

"हे तुमच्यात आणि माझ्यात," बाईंनी वर्गाला सांगितलं होतं. "आणि तिसरा वर बसलाय तो. चौथं कुणी बघणार नाही."

मुलांनी विश्वास ठेवला. कुणी लिहिलं, पाढा पाठ आहे पण उलटा विचारला की जातो. पेंग्विनने लिहिलं, मला फळ्यावरचं दिसत नाही, मी शेजारच्याचं बघतो. महिन्याभरात त्याला चष्मा लागला. सुतारपक्षी तर प्रत्येक वेळी लिहायची. 'शून्याने भागायचं नाही म्हणता, पण का नाही ते तुम्ही टाळलंत.' बाईंनी खरंच टाळलं होतं. त्या रात्री त्या स्वतः पुस्तक काढून बसल्या.

पक्षी कोण आणि मूल कोण, याची यादी वहीच्या पहिल्याच पानावर होती. ते पान फक्त बाईंना दिसायचं.

बाईंना आणि, दिवाळखोर बुद्धीने त्यांनी ज्यांच्या हाती ती वही दिली, त्या विज्ञानबाईंना.

विज्ञानबाई म्हणजे अकरा वर्षांची मैत्रीण. स्टाफरूममध्ये दोघींचं टेबल एक, डब्याचं झाकण एक. एकीच्या बाळंतपणात दुसरीने तिचे तास घेतले होते. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "मलाही अशी वही करायची आहे गं. नमुना दे ना." कोरी प्रत काढून द्यायला पाच मिनिटं लागली असती. पण घंटा झाली होती, आणि समोर कोण होतं, तर घरचंच माणूस. बाईंनी अख्खी वहीच उघडून दिली.

सोमवारी सकाळी गणितबाई प्रार्थनेच्या आधीच स्टाफरूममध्ये पोचल्या. विज्ञानबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, त्यावरूनच कळलं.

"तू दिलीस?"

"सरांनी विचारलं, मुलांची पारख कशावरून करायची. माझ्याकडे होतं ते दाखवलं."

"तुझ्याकडे नव्हतं ते. माझ्याकडे होतं. माझ्याकडेही नव्हतं, मुलांचं होतं."

"आता तू शब्दांत पकडू नकोस. तूच ना सगळीकडे सांगत फिरतेस, शिक्षकांचं ज्ञान खुलं असावं, कुलपात ठेवू नये. मग?"

"माझे पाठ खुले आहेत. मुलांची मनं नाहीत."

"बाई गं, पुस्तकात छाप ते." विज्ञानबाईंनी लाल पेनचं टोपण लावलं. "हे बघ, वाईट हेतू नव्हता."

"पुढची तुकडी कुणाला मिळाली?"

विज्ञानबाईंनी दुसरी वही ओढून घेतली. पुढची तुकडी त्यांनाच मिळाली होती. यादीच्या तळाला लिहिलेलंच होतं.

"निदान तुझ्याकडची प्रत पुसून टाक," गणितबाई म्हणाल्या.

"सरांनी जपून ठेवायला सांगितली आहे."

बाईंनी तिथल्या तिथे फोन उघडला आणि मैत्रिणीला दिलेली परवानगी काढून घेतली. पण वहीची प्रत एकदा काढली की ती काढणाऱ्याची होते, तिच्यावर मूळ मालकाचा हात चालत नाही. शिबिरात हेच त्यांनी वहीत दोन रेघा मारून उतरवून घेतलं होतं, कौतुकाने. परक्याने कलिंगड ठेवून आभार मानले, आणि घरच्याने केसाने गळा कापला.

मुख्याध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, जिने एकसष्ट चुका लिहिल्या ती कच्ची नाही. तिने एकसष्ट वेळा आपलं कुठे अडतंय ते शोधून काढलं. पुढच्या तुकडीत तुम्ही ज्यांना घेतलंत त्यातल्या सहा जणांची पानं कोरी आहेत. त्यांना काही येतं म्हणून नाही, ते लिहितच नाहीत म्हणून."

"तुमचं म्हणणं सुरेख आहे, बाई. पण पालक विचारतील तेव्हा मी काय दाखवू? सुरेख म्हणणं? आकडा दाखवता येतो. शिवाय यादी गेली."

"परत घेता येईल."

"गेलेली यादी परत घेतली तर उद्या फीसुद्धा परत मागतील." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "आणि मागची तुकडी तुमच्याकडेच ठेवली आहे. तुमचा जीव आहे त्या मुलांवर, मला माहीत आहे."

दुसऱ्या तासाला बाई मागच्या तुकडीसमोर उभ्या राहिल्या. पूर्वी ही खोली मोडक्या बाकांची होती; भिंतीला अजून बाकांच्या पायांचे ओरखडे होते. सतरा मुलं बसली होती. गरुड यांच्यात नव्हता, शहामृग आणि पेंग्विन होते. कुणी कुणाला पक्ष्याच्या नावाने हाक मारत नव्हतं. बाईंनी माफी मागितली. नेमकं काय झालं, वही कुणी उघडी टाकली, ते लपवाछपवी न करता सांगितलं. मग कागदाचे कपटे वाटले आणि म्हणाल्या, "नाव लिहू नका. आजच्या गणितात कुठे अडलं तेवढं लिहा."

कपटे गोळा झाले. बाईंनी टेबलापाशी उभ्यानेच एकेक उलगडला. सगळं समजलं. सगळं समजलं. काही अडलं नाही. सगळं समजलं. सतराच्या सतरा. एका कपट्यावर 'समजलं' सुद्धा चुकीचं लिहिलेलं होतं, आणि बाईंना एरवी हसू आलं असतं.

तास संपल्यावर सुतारपक्षी दप्तर आवरत मागे राहिली. मुद्दाम राहिली की पट्टा अडकला म्हणून, सांगता येत नव्हतं.

"शाळेनंतरच्या तासाला येशील ना?" बाईंनी विचारलं. रोज चारनंतर बाई तिला आणि आणखी दोघींना पुढचं गणित शिकवायच्या.

"नाही. आईने बंद केला."

"का?"

"आईने आकडा बघितला. म्हणाली, एवढ्या चुका करतेस आणि घरी येऊन मला हुशारी सांगतेस. आता चारनंतर तिच्या शिवणाच्या दुकानात बसून काजं करायची." तिने पट्टा ओढला. "म्हणाली, चुकलीस ते चुकलीस, वर लिहूनही दिलंस."

बाईंनी टेबलावरचे कपटे गोळा केले.

"तुम्ही म्हणाला होतात चौथं कुणी बघणार नाही."

"म्हणाले होते."

"मग दिलीत का?"

"मैत्रीण होती. मला वाटलं, ती मीच आहे."

मुलीने यावर थोडा विचार केला. एरवी असं उत्तर तिने ठोकून ठोकून पोकळ आहे का बघितलं असतं. आज तिने ते तसंच सोडून दिलं, आणि तेच बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत बाईंनी कॉम्प्युटर खोलीत सुतारपक्ष्याचं पान छापलं. एकसष्ट ओळी, चार कागद. तिच्या आईसमोर हे ठेवायचं आणि एकेक ओळ वाचून सांगायचं, की यातली पंचवीस तरी चुका नाहीत, प्रश्न आहेत, आणि काही तर आठवीच्या पुस्तकातले आहेत. आईला पटेलच. कागद पिशवीत घालताना बाईंचा हात थांबला. हे पान पुन्हा एकदा, न विचारता, दुसऱ्याच्या हाती निघालं होतं. यावेळी ते देणारीचा हेतू चांगला होता, एवढाच फरक. विज्ञानबाईही तेच म्हणाल्या होत्या. देवा, बाई मनात म्हणाल्या, मी तरी काय वेगळी.

शेवटच्या घंटेनंतर त्यांनी फाटकापाशी मुलीला गाठलं आणि कागद तिच्याच हातात दिले.

"हे आईला दाखवायला मी येऊ का? तू नको म्हणालीस तर नाही येणार."

"आधी कधी विचारलं नव्हतंत."

"तेव्हा सुचलं नाही. चुकलंच माझं."

मुलगी फाटकाला टेकून चारही कागद वाचत राहिली. मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी धावत बाहेर पडत होती. तिसऱ्या कागदावर ती थांबली.

"सदतिसावी नको."

बाईंना ती पाठ होती. तीत गणित नव्हतंच, घराबद्दल होतं.

"ती कापून टाकते," बाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर."

स्टाफरूममधून त्यांनी कात्री आणली. विज्ञानबाई टेबलाशीच होत्या. डब्याचं झाकण अजून मधोमध होतं. फाटकापाशी येऊन बाईंनी मुलीकडून कागद परत घेतले, ओळीच्या वरून आणि खालून कागद कापला आणि ती पट्टी मुलीच्या हातात दिली. मुलीने ती घडी करून बुटात सरकवली.

"मग उद्यापासून तू परत लिहिशील?" बाईंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं.

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. "दुकान सातला बंद होतं. आई पाचनंतर जरा मोकळी असते." आणि ती पुढे न थांबता निघून गेली, बाईंच्या सोबतीने नाही, एकटीच.

साडेचार झाले होते. बाईंनी उरलेले कागद पिशवीत ठेवले आणि मुलीच्या आईला भेटायला त्या शिवणकामाच्या दुकानाकडे निघाल्या.