गाडीचा पंखा आणि माझं तोंड

चहा घ्या आधी. माझं सांगून होईपर्यंत ठेवलात तर हसता हसता सांडाल, आणि लादी मला पुसावी लागेल. मी माझ्याच हाताने माझं थोबाड फोडून घेतलंय. तेही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, भर दुपारी, चारचौघांत. उद्या दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. मसाल्याचा धंदा तसाही माझाच आहे.

तर डोंबिवलीत आमची गिरणी आहे. दळण आणि मसाला कांडप. गिरणी मी चालवते, गाडी आमचे मालक चालवतात, आणि मालकांना कोण चालवतं ते तुम्हाला कळलं असेलच. गाडी म्हणजे जुनी व्हॅन. आम्ही घेतली तेव्हाच ती दोन घरं फिरून आलेली. तिच्यातून मिरचीपूड, गरम मसाला, भाजणी असं सगळं ठाण्यातल्या खानावळींना पोचवतो.

दसरा झाला आणि दोन दिवसांनी शीळफाट्याच्या गर्दीत गाडी तापली. काटा पार वर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. मालकांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, पंखे फिरत नाहीयेत.

गाडीच्या पुढे रेडिएटरला दोन पंखे असतात. इंजिन तापलं की ते आपोआप सुरू होतात आणि त्याला थंड करतात. आमचे दोन्ही पंखे गप्प. मी चिडल्यावर मालक बसतात ना, तसे.

गेलो दामूअण्णांकडे. हे वागळे इस्टेटमधले गाडीचे इलेक्ट्रिशियन. साठीचा माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलणं मोजून मापून. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या गाड्या त्यांच्याकडेच. त्यांनी फ्यूज बघितला, चांगला. बॅटरीवरून सरळ दोन वायरी ओढून पंख्यांना दिल्या, तर दोन्ही पंखे गरगर फिरले. मग पंख्यांना करंट सोडणारी डबी असते, रिले म्हणतात तिला, ती बदलली. आणि जाता जाता मला विचारलं,

"ताई, हल्ली गाडीचं कुठे काही काम केलंत?"

"तुमच्याशिवाय गाडीला कोणाचा हात लागलेला नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले की पुढच्या लाईटीपण मंद वाटतायत. मी म्हटलं गाडीचं वय झालंय अण्णा, मलासुद्धा हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही.

तीन दिवसांनी गाडी परत तापली. परत गेलो. या वेळी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि गरम झाल्याचं कळवणारा स्विच बदलला. परत तोच प्रश्न, काही काम केलंत का. माझं परत तेच उत्तर. आठवड्याने गाडी तिसऱ्यांदा तापली आणि अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला फॉल्ट सापडत नाही म्हणून आता माझ्या नावावर टाकताय का? बिचारे चष्मा पुसत बसले.

इकडे माल तर पोचवायला हवा. मालकांना स्टँडवर कोणीतरी अक्कल शिकवली की गाडीतला हीटर फुल लावायचा, म्हणजे इंजिनची गरमी आत येते आणि इंजिन वाचतं. इंजिन वाचतं हो, आतल्या माणसांचं काय? ऑक्टोबरचं ऊन, हीटर फुल, आणि मागे मिरचीपुडीची पोती. त्यातलं एक पोतं शिवणीत उसवलेलं. त्या गरम वाऱ्याने जी पूड उडाली, ती आमच्या डोळ्यांत, नाकात, घशात. मालक शिंकतायत, मी खोकतेय, दोघांच्या डोळ्यांतून धारा. सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने काचेतून वाकून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "पंखा."

 त्याने सगळी गर्दी थांबवून आम्हाला आधी सोडलं.

पण त्या रडण्यातच माझ्या डोक्यात किडा शिरला. गाडी अण्णांकडे रात्रभर होती. माझे चांगले पंखे काढले असणार आणि दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे भंगार पंखे बसवले असणार! पुरावा काय म्हणाल, तर पुरावा बहुतेक पाचवीत शिकवतात. मी चौथीत शाळा सोडली.

आमच्या धंद्यातल्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. खानावळवाले, फरसाणवाले, बर्फवाले, सगळे. कोपरीला खानावळ चालवणाऱ्या मंगलवहिनींनी तो काढलाय. मी त्याच्यावर आवाज भरून पाठवला. दामूअण्णाकडे गाड्या टाकू नका, चांगला माल काढून भंगार बसवतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. डोळ्यांनी म्हणजे काय, डोळे तर मिरचीने बंद होते. पण बोलण्याच्या भरात येतं हो तोंडातून.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दारात उभ्या असलेल्या दोन गाड्या ज्यांच्या होत्या ते येऊन काम न करवताच घेऊन गेले. फरसाणवाल्याने वर्षानुवर्षांचं जाणं-येणं तोडलं. आणि संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला.

मी पदर खोचून तयार होते. म्हटलं, ये, तू एक बोल, मी दहा बोलते. पण त्या माणसाने आवाजच चढवला नाही.

"ताई, मी इतकी वर्षं एका पत्र्याखाली बसून काम केलं. माझ्याकडे दुसरं काही नाही, फक्त नाव आहे. गाडी घेऊन या. तुमच्यासमोर बघतो. माझी चूक निघाली तर दोन्ही पंखे नवे बसवून देतो. नाही निघाली, तर जिथे बोललात तिथेच परत बोला."

मी म्हटलं, कबूल. आणि माणूस ऐन वेळी पलटायला नको म्हणून साक्षीला मंगलवहिनींना कोपरीहून उचलून बरोबर घेतलं. बघा माझी हुशारी. स्वतःच्या फजितीला स्वतःच साक्षीदार घेऊन गेले, जाण्या-येण्याचा खर्च माझा.

अण्णांनी इंजिन चालू ठेवून तापवलं. मग आपला टेस्टचा बल्ब काढला. लहान बल्ब, त्याला दोन वायरी. पंख्याच्या तोंडाशी करंट येतोय का बघितलं, तर येत होता. मी म्हटलं, मग? करंट येतोय आणि फिरत नाही, म्हणजे पंखेच भंगार. मंगलवहिनींनी मान डोलावली. मला तेवढ्यात जिंकल्यासारखं वाटलं.

 अण्णांनी बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली. बल्ब लागला. मग तीच वायर हेडलाईटच्या मागे एक नट आहे, तिथे टेकवली. त्या नटाखाली चार-पाच काळ्या वायरी एकत्र कसलेल्या. बल्ब जेमतेम मिणमिणला. परत टेकवली. तेवढाच.

"करंट लाल वायरीने येतो," अण्णा म्हणाले, "पण त्याला परत जायला वाट लागते. ती ह्या नटावरून बॉडीत जाते. अर्थिंग म्हणतात. तीच जवळजवळ बंद आहे. थोडाफार करंट नटाच्या आट्यांतून जातो, म्हणून लाईटी मिणमिणतात. दोन पंखे ओढायची ताकद त्यात नाही."

नट उघडला. खाली बॉडीचा पत्रा असा लालचुटूक, गुळगुळीत, चकचकीत. वायरींच्या टोकांच्या कड्यासुद्धा दोन्ही बाजूंनी लाल. अण्णांनी चष्मा वर केला आणि जवळ जाऊन बघितलं.

"हा रंग इतका बेमालूम आहे की मला कंपनीचाच वाटला. तीन वेळा ह्याच्यावरून नजर गेली माझी."

मीपण वाकले. रंगात ब्रशचा एक केस चिकटून सुकलेला. आणि आमच्या गिरणीतला ब्रश केस सोडतो हे जगात फक्त मला माहीत आहे.

आता तुम्हाला सांगते, जे अण्णांनी तीनदा विचारूनही मी सांगितलं नव्हतं. खंडेनवमीला आमच्याकडे गिरणीचं सगळं लोखंड निघतं. घासायचं, पुसायचं, लाल ऑइलपेंट लावायचा, मग हळदकुंकू, फुलं, पूजा. माझ्या सासूबाईंपासूनची पद्धत. गिरणीचं चाक, मोटरचा स्टँड, वजनं, खलबत्ता. गाडीसुद्धा त्याच रांगेत, कारण तीही पोटाला घालते. यंदा बॉनेट पुसताना मला तो गंजका नट दिसला. गंजकं लोखंड देवासमोर ठेवायचं? मी पाना आणला, नट सोडवला, एकेक वायर मोकळी केली, पॉलिश पेपरने घासलं आणि रंग लावला. वरून, खालून, आतून. सुकू दिला आणि परत घट्ट कसला. एवढ्या निगुतीने मी माझ्या मुलीच्या लग्नात मेंदी काढली नव्हती.

आणि अण्णा विचारतात, गाडीचं काही काम केलंत का. काम कुठे केलं? मी तर पूजा केली.

मी काही बोलायच्या आत आमचे मालक, जे वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक तिथे बोलले.

"रंगाचे दोन हात दिलेत तिने."

मंगलवहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. अण्णांनी पत्रा खरवडला, कड्या घासल्या, नट कसला. दोन्ही पंखे असे सुटले की बॉनेटवरची धूळ माझ्या तोंडावर आली. योग्य ठिकाणी आली.

आता शब्द पाळायचा होता. घरी येऊन मी ग्रुपवर बोलले. पण जीभ बघा कशी चलाख. म्हटलं, "दामूअण्णांची चूक नव्हती, फॉल्ट दुसरा निघाला, गाडी आता चांगली चालते." बस्स. कोणाचा फॉल्ट, कुठला रंग, काही नाही. मंगलवहिनींना आधीच शपथ घातलेली.

आणि त्याचं झालं काय? लोक म्हणायला लागले की बाई अशी अचानक गप्प कशी बसली? अण्णाने फुकटात नवे पंखे देऊन तोंड बंद केलं असणार! गेलेल्या गाड्या परत आल्या नाहीत. मला कानावर येत होतं सगळं. अण्णांनी एकदाही फोन केला नाही, आणि तेच जास्त लागत होतं. केला असता तर भांडून तरी मोकळी झाले असते.

पंधरा दिवसांनी मागचा बल्ब गेला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. बाकावर तीन माणसं बसलेली. दोघं आमच्याच ग्रुपवरचे, बर्फवाला आणि एक पापडवाला. तिसरा अनोळखी, रिक्षावाला असावा, गणवेश होता. आत अण्णा कोणाची तरी वायर सोलत होते. मी दारात पोचते न पोचते तोच तो रिक्षावाला म्हणाला, "अशा बाया असतात. आधी दारात येऊन बोंबलली, आणि मग फुकटात नवा घेऊन गप्प बसली."

माझ्या डोक्यात काय झालं असेल, विचार करा. चोर म्हणा, भांडखोर म्हणा, खपवून घेईन. फुकटी म्हणायचं नाही!

मी तिथेच सुरू झाले. म्हटलं, फुकटात कोण घेऊन गेलं रे? ह्या माणसाकडून मी एक स्क्रू फुकट घेतलेला नाही. ह्यांनी काही चोरलं नाही, काही दिलं नाही. अर्थिंगवर रंग मी लावला! मी, स्वतः, ऑइलपेंट, खंडेनवमीला, वरून, खालून, दोन हात! तीनदा विचारलं ह्यांनी, तीनदा मी नाही म्हटलं, आणि वर ह्यांनाच चोर ठरवलं. अक्कल माझी गेली होती, ह्यांचं नाव कशाला खराब करता?

समोरच्या गॅरेजमधून लोक बाहेर आले. चहावाला किटली घेऊन तिथेच थांबला. पापडवाल्याने मोबाईल काढला आणि ग्रुपवर टाईप करायला लागला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी फरसाणवाल्याची गाडी अण्णांच्या दारात उभी होती. ते झालं बरंच झालं.

पण त्या वेळी तो रिक्षावाला उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "ताई, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. मी माझ्या मेहुणीबद्दल सांगत होतो. आमचा नवा मिक्सर घेऊन गेली ती."

 आत अण्णांनी पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी आपली बाकाच्या कडेला टेकले, म्हटलं निदान आता तरी कोणी काही विचारू नये. तर तो रिक्षावाला थोडा विचार करून, अगदी मनापासून विचारतो,

"पण ताई, दोन हात कशाला? गाडी बंद पाडायला एक पुरला असता."