पिराच्या ठाण्यावरचा दिवा

आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पूर्वज भाले घेऊन दख्खनहून आले, आजोबा चौकीदार, वडील शिपाई. मी बीए केलं, परीक्षा दिली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या सुरक्षेचा इंचार्ज झालो. याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू.

इमारतीच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पिराचं लहानसं ठाणं आहे. इथल्या कितीतरी मराठा घरांत पिराला मानतात, आमच्याही. दर गुरुवारी वडील आणि हजीरा मोहल्ल्यातून येणारे म्हातारे चाचा तिथे दिवा लावत. रीत ठरलेली. तेल चाचांच्या घरचं, वात आमच्या घरची. एकट्याने लावायचा नाही.

मग दुसऱ्या एका शहरात सरकारी कचेरीवर हल्ला झाला. रांगेत उभी असलेली माणसं गेली. टीव्हीवर नुसत्या चपला दिसत होत्या. त्याच हप्त्यात आमचा मागचा दरवाजा बंद झाला, पुढे रेतीची पोती लागली, गाड्यांखाली आरसा फिरू लागला. काम नसलेल्याला आत सोडायचं नाही, असा आदेश आला. पास फक्त स्टाफच्या घरच्यांना.

गुरुवारी दोघं गेटवर आले.

"क्यों मराठे, लड़के ने क़िला बंद कर दिया?" चाचा हसले.

"बीए झालाय ना," वडील म्हणाले. "आता बापालापण पास दाखवावा लागणार."

पास मी आधीच बनवून ठेवला होता. चाचांसाठीही दोनदा साहेबांकडे गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "नातं काय लिहू?" मी कोरा फॉर्म घेऊन परत आलो होतो.

"बाबा, तुम्ही आत जा. चाचांचं तेल मी आणून ओततो."

"तू कोण ओतणारा?"

चाचांनी बाटली पुढे धरली. "बम नहीं है भैया, सरसों का है. सूँघ लो."

मी हात पुढे केला, तर वडिलांनी तो बाजूला सारला. आत पेन्शनच्या रांगेत म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. एकाला असंच सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार? आजही मी हेच म्हणेन.

"रहने दो मराठे, बच्चे की नौकरी है," चाचा म्हणाले. बाटली पिशवीत घालून ते टेम्पोकडे वळले. वडीलही त्यांच्या मागे गेले.

पुढच्या गुरुवारी वडील एकटेच आले. पास दाखवला, हात पसरून झडती दिली, आत गेले. लगेच परत आले. वात मुठीत तशीच होती.

"नाही लावला?"

"तेल कुठंय?"

"दाल बाजारातून आणवतो, बसा जरा."

"दाल बाजारात काय, सगळंच मिळतं," ते म्हणाले आणि पास माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

आता गुरुवारी ते घरीच असतात. चाचा परत दिसले नाहीत. ठाण्यावर कडुनिंबाची पानं साचली, म्हणून मी सफाईवाल्याला तिकडे झाडायला सांगितलं. त्याने झाडू तसाच हातात धरून विचारलं, "साहब, उधर जाने की परमिशन है?"